स्वस्त विजेची वेळ कोणाच्या घड्याळात?

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत जिन्याखाली एक कपाट असतं. झाडू, छत्र्या, जुने बूट यांच्या मागे विजेचं मीटर आणि मीटरला खेटून बसवलेली एक काळपट पेटी. तिचा आवाज येत नाही, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ही पेटी वर्षानुवर्षं रात्रंदिवस रेडिओ ऐकत होती. खरोखरचा रेडिओ: बीबीसीचं ‘रेडिओ ४’ केंद्र, लाँग वेव्ह, १९८ किलोहर्ट्झ. बातम्या, श्रुतिका, समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. त्याच लहरीत दडून तिच्यासाठी एक वेगळा निरोप येई, ‘स्वस्त वीज सुरू कर’. निरोप मिळाला की पेटी आतला स्विच ओढी. घरातले हीटर तापू लागत, पाण्याची टाकी गरम होऊ लागे आणि मीटर दिवसाचा आकडा थांबवून रात्रीचा आकडा पुढे सरकवू लागे. सकाळी पुन्हा निरोप, पुन्हा स्विच.

या पेटीचं नाव रेडिओ टेलिस्विच. १९८० च्या दशकात ती घराघरांत बसू लागली. तिला निरोप धाडणारी केंद्रं तीनच: इंग्लंडमधलं ड्रॉइटविच, स्कॉटलंडमधली वेस्टरग्लेन आणि बर्गहेड. ड्रॉइटविचचे मनोरे दोनशे मीटरहून उंच आहेत आणि तिथून १९३४ मध्ये प्रक्षेपण सुरू झालं. तिथून निघणाऱ्या एकेका लहरीची लांबी दीड किलोमीटर भरते. इतकी लांब लहर जमिनीला धरून चालते, डोंगरदऱ्या ओलांडते आणि विटांच्या भिंतींतून आरपार जाऊन जिन्याखालच्या कपाटातही पोचते.

पण मग रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला हा निरोप ऐकू का येत नाही? भजनात टाळ वाजवणारा ठेका न सोडता एखादा टाळ केसभर आधी मारतो, एखादा केसभर उशिरा. ऐकणाऱ्याचं भजन कुठेही अडखळत नाही. पण जो फक्त टाळच मोजत बसला आहे त्याला आधीचा कुठला, नंतरचा कुठला हे नेमकं कळतं. ड्रॉइटविचची मूळ लहर सेकंदाला १,९८,००० वेळा हेलकावते आणि त्या हेलकाव्याला अगदी किंचित पुढे-मागे सरकवून एक आणि शून्य लिहिले जातात. आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो, निरोप तिच्या वेळेवर. वेग सेकंदाला अवघा २५ बिट. मोबाइलमधला दोन एमबीचा एक फोटो या वेगाने पाठवायला आठवडा लागेल. पण ‘अमुक गटातल्या पेट्यांनो, स्विच ओढा’ एवढं सांगायला दोन सेकंद पुरतात.

मला यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. २००२ च्या ऑगस्टमध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर द्रविड, सचिन आणि गांगुली यांनी एकाच डावात शतकं ठोकली, सचिनच्या १९३ झाल्या. बीबीसीचं कसोटी समालोचन त्या काळी याच लाँग वेव्हवरून जात असे, २०२३ पर्यंत जात राहिलं. म्हणजे सचिनच्या कव्हर ड्राइव्हचं वर्णन आणि स्कॉटलंडमधल्या कुणा आजीबाईंच्या बंबाला द्यायचा हुकूम हे दोन्ही एकाच लहरीवर बसून, एकमेकांना धक्का न लावता चालले होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? वीज बनते त्याच क्षणी वापरावी लागते, हे त्याचं मूळ. रात्री लोक झोपतात, मागणी निम्म्यावर येते, पण कोळशाची आणि अणुऊर्जेची मोठी केंद्रं रात्रीपुरती विझवून पहाटे पेटवता येत नाहीत. ती मंद आचेवर चालूच ठेवावी लागतात. मग रात्रीची वीज स्वस्तात देऊन लोकांनाच वापरायला का लावू नये? १९७८ मध्ये ब्रिटनने ‘इकॉनॉमी ७’ नावाचा दर आणला: रात्रीचे सात तास वीज स्वस्त, त्या बदल्यात दिवसा थोडी महाग. योगायोग असा, की ‘रेडिओ ४’ लाँग वेव्हवर आलं तेही १९७८ मध्येच.

पण झोपलेला माणूस वीज वापरणार कशी? त्यासाठी आला साठवणीचा हीटर. हा प्रकार आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो, म्हणून जरा जवळून सांगते. खिडकीखाली, भिंतीला लावून बसवलेला लांबट पत्र्याचा खोका. झाकण काढलं तर आत लोहयुक्त मातीच्या जड विटा एकमेकींना चिकटून रचलेल्या आणि त्यांच्यामधून गेलेली तापणारी तार. एक माणूस हा खोका हलवू शकत नाही. रात्रभर या विटा शेकडो अंशांपर्यंत तापतात आणि दिवसभर ती उष्णता हळूहळू खोलीत सोडतात. वर दोन फिरक्या असतात. एकीवर ‘इनपुट’, म्हणजे आज रात्री विटांत किती ऊब भरायची; दुसरीवर ‘आउटपुट’, म्हणजे आत्ता किती सोडायची. नव्याने राहायला आलेला माणूस थंडी वाजली की दोन्ही फिरक्या शेवटपर्यंत फिरवतो. मग दुपारपर्यंत सगळी ऊब खोलीत सांडून जाते, संध्याकाळी सहाला विटा गार पडतात आणि तो दुकानातून साधा हीटर आणून दिवसाच्या महाग दराने चालवतो. बिल फुगतं. मीटर बिघडलं असेल असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात फिरकी चुकलेली असते. रात्री झोपताना आउटपुट बंद करायची आणि इनपुट दुसऱ्या दिवसाच्या हवामानाकडे बघून ठेवायची, ही तिथल्या जुन्या लोकांची रीत.

अशा घरात विजेच्या वायरीही दोन घराण्यांच्या असतात. नेहमीच्या मीटरला चार टर्मिनल असतात, इथे पाचवं असतं. त्या पाचव्यातून निघालेली वायर वेगळ्या फ्यूजपेटीत जाते आणि त्या पेटीवर फक्त हीटर आणि पाण्याची टाकी. दिवसा ही वायर मेलेली. रात्री स्विच ओढला गेला की जिवंत होते. टीव्ही, चुली, दिवे दुसऱ्या पेटीवर, ते केव्हाही चालतात. त्यामुळे दिवसा हीटरचा प्लग तपासणाऱ्याला ‘यात वीजच येत नाही’ असं वाटणं साहजिक आहे. ती रात्रीच येणार.

आता गोष्टीच्या गाभ्याकडे येते. स्वस्त दराचं सगळं गणित तीन घड्याळांवर उभं असतं. एक मीटरचं घड्याळ, जे दिवसाचा आकडा थांबवून रात्रीचा सुरू करतं. दुसरं घरातल्या उपकरणाचं, म्हणजे हीटरचं, वॉशिंग मशीनचं, गीझरच्या टायमरचं. आणि तिसरं डोळ्यांना न दिसणारं: वीजकंपनीच्या संगणकात लिहिलेलं, की या ग्राहकाचा पहिला आकडा दिवसाचा आणि दुसरा रात्रीचा. तिन्ही एका सुरात असली तर बिल बरोबर येतं. एक जरी बेसूर झालं तरी माणूस महिनोन्‌महिने जादा पैसे भरत राहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, कारण हीटर तापतोय, दिवे लागतायत, सगळं ठीक दिसतंय. घरातल्या स्वस्त विजेच्या बहुतेक तक्रारी शेवटी या तीन घड्याळांतल्या कुठल्यातरी भांडणावर येऊन थांबतात, आणि ते भांडण कुठलं हे घरबसल्या शोधता येतं.

ग्लासगोजवळ राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं, मूळ साताऱ्याची आहे ती, असंच झालं. भाड्याचं घर, साठवणीचे हीटर. हिवाळ्याचं बिल पाहून ती हादरली. बिलावर दिवसाची युनिटं ढीगभर आणि रात्रीची चिमूटभर. वास्तविक हीटर रात्रीच तापत होते, मध्यरात्रीनंतर पत्रा कुरकुरताना तिला ऐकू यायचा. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव आणि फोन मीटरसमोर धर. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येत होते: ‘रेट १’, मग ‘रेट २’. रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे महाग दराची वेळ. दोन्ही आकडे तिने कागदावर लिहून घेतले. मग ओव्हन लावला, किटलीत पाणी ठेवलं, अर्धा तास थांबली. पुन्हा पाहिलं. ‘रेट १’ जागचा हलला नव्हता. ‘रेट २’ पुढे गेला होता. आणि बिलावर ‘रेट २’ समोर छापलं होतं ‘रात्र’.

मीटर बिचारं अचूक होतं. हीटरही वेळेवर चालत होते. चूक होती तिसऱ्या घड्याळात: कंपनीच्या नोंदीत दोन आकड्यांची नावं उलटी चढली होती. हीटरची सगळी स्वस्त वीज दिवसाच्या भावाने विकली जात होती. तिने तीन दिवस, रात्री नऊ वाजता आणि सकाळी उठल्या उठल्या, पडद्यांचे फोटो काढले, तारीख-वेळेसह पाठवले आणि हिशेब नव्याने करून मागितला. फोटोंपुढे वाद घालायला जागाच नसते. कंपनीने ते मान्य केलं. केलं नसतं तर पुढची वाट तिथे ठरलेली आहे: आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर ग्राहक ऊर्जा लोकपालाकडे जाऊ शकतो, फुकट. आणि उलट प्रकार असता, म्हणजे कंपनीच्या चुकीमुळे बिल कमी आलं असतं, तर २०१८ पासूनच्या नियमानुसार बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे कंपनीला मागता आले नसते.

मीटरचं घड्याळ चुकतं तेव्हा प्रकार आणखी रंजक असतो. जुन्या मीटरशेजारी काट्यांचं घड्याळ असे, विजेच्याच मोटरवर फिरणारं. वीज गेली की घड्याळ थांबे, आली की जिथे होतं तिथून पुढे चाले. चार-पाच वेळा वीज गेली की त्याची मध्यरात्र पहाटे तीनला व्हायची. नंतरच्या मीटरांत क्वार्ट्‌झचा स्फटिक आला. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत बसवलेला हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: दोनाला दोनाने गुणत गेलं की पंधराव्या पायरीवर तो येतो. म्हणून त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद उरतो, आणि निम्मं करणं ही इलेक्ट्रॉनिक सर्किटला येणारी सगळ्यात सोपी गोष्ट. मनगटावरच्या घड्याळातही हाच स्फटिक असतो. पण दहा लाखांत वीस ठोक्यांची चूक झाली तरी वर्षाला दहा मिनिटं सरकतात. मनगटावरचं घड्याळ आपण जुळवून घेतो. कपाटातलं कोण जुळवणार? पंधरा वर्षांत अडीच तास.

त्यात ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात सगळी घड्याळं तासभर पुढे करतात आणि पुष्कळशी मीटर मात्र वर्षभर हिवाळी वेळेवरच राहतात. साडेबाराला सुरू होणारी स्वस्त वीज जूनमध्ये दीडला सुरू होते. साडेबाराला वॉशिंग मशीन लावून झोपणारी माणसं उन्हाळाभर पहिला तास महाग भावाने धुतात.

आता रेडिओच्या निरोपाकडे परत वळते, कारण त्यात आणखी एक शहाणपण होतं. स्वस्त वीज सगळ्यांना एकाच क्षणी सुरू केली तर काय होईल? लाखो हीटर एका ठोक्यात चालू होतील आणि जनित्रांवर एकदम ओझं पडेल. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून हरलं, तेव्हा सामना संपताच ब्रिटनची मागणी २,८०० मेगावॅटनी उसळली होती. लोक उठून चहा टाकायला गेले, एवढंच कारण. म्हणून टेलिस्विचच्या पेट्या गटागटांत वाटलेल्या होत्या. एका गटाला निरोप, थोड्या वेळाने दुसऱ्याला. आजच्या ब्रिटिश स्मार्ट मीटरमध्येही प्रत्येक मीटरला स्वतःचा एक यदृच्छ विलंब दिलेला असतो, अर्ध्या तासाच्या आतला. शेजाऱ्याचा हीटर साडेबाराला लागला आणि आपला बारा सत्तेचाळीसला, तर तो बिघाड समजू नये. शेजारधर्म मीटरमध्येच घालून ठेवला आहे.

आपण महाराष्ट्रातली माणसं हे प्रकरण वेगळ्या अंगाने चांगलंच ओळखतो. शेतात थ्री फेज लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पंपाला ऑटोस्विच लावतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू. शेतकऱ्याची ती गरजच आहे, रात्री दोन वाजता नदीकाठच्या मोटरीकडे कोण जाणार? पण एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप ऑटोवर असले की लाइट येताच सगळे एका क्षणी उठतात. मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि डीपी जळते. महावितरण दर हंगामात ऑटोस्विच काढायचं आवाहन करतं ते यासाठीच. लाइट आल्यावर प्रत्येक पंपाने वेगवेगळी मिनिटं थांबून उठावं, हा उपाय आपल्या शेतांतही तितकाच लागू पडणारा आहे. टायमर असलेले स्टार्टर मिळतात. गावाने मिळून वेळा वाटून घेतल्या तर डीपी वाचेल आणि पंधरा पंधरा दिवस पिकं वाळणं टळेल, असं मला मनापासून वाटतं.

एकाच क्षणाची ही ताकद किती मोठी असते ते आपण सगळ्यांनी एकदा घरबसल्या अनुभवलं आहे. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ. टाळेबंदीत देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले. देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनी कोसळली आणि दिवे लागताच परत चढली. तो झोका मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी सावरला, कारण पाण्याची झडप मिनिटांत उघडता-मिटता येते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रं एकाच तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या तालात चालतात. दक्षिण भारताचं जाळं बाकीच्या देशाशी जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर या वाहिनीने. तेव्हापासून सोलापुरात लावलेला पंखा आणि चेन्नईतला पंखा एकाच ठेक्यावर आहेत.

ब्रिटनमधली ती रेडिओ ऐकणारी पेटी मात्र आता निवृत्त होते आहे. प्रक्षेपणाची यंत्रसामग्री जुनी झाली, सुटे भाग मिळेनासे झाले. ३० जून २०२५ पासून निरोप टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. त्या वेळीही सुमारे तीन लाख घरांत ही मीटर होती. निरोप थांबला की पेटी शेवटच्या स्थितीत अडकू शकते: हीटर चोवीस तास चालू, किंवा कायमचे बंद, किंवा भलत्याच वेळी तापणारे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, जिथे गॅसची पाइपलाइन नाही आणि मोबाइलचं सिग्नलही धड पोचत नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा थंडीत जिवावर बेतणारा प्रश्न आहे. ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी कंपनीच्या पत्राची वाट न पाहता स्वतः फोन करून नवं मीटर मागावं. आणि ते बसवायला आलेल्या माणसाला पाचव्या टर्मिनलची वायर दाखवून, ही कुठे जोडणार, असं विचारावं. ती चुकली तर हीटर दिवसाच्या वायरीवर जाऊन बसतात.

आणि आता सगळ्यात मोठी उलथापालथ. स्वस्त विजेची वेळच बदलते आहे. पन्नास वर्षं स्वस्त म्हणजे रात्र असं समीकरण होतं, कारण रात्री केंद्रं रिकामी असत. सौरऊर्जेने ते फिरवलं. भर दुपारी लाखो सौर पॅनेल एकदम वीज ओतू लागतात, आणि संध्याकाळी सहाला सूर्य जातो तेव्हा घराघरांत दिवे, टीव्ही, एसी लागतात. फ्रान्सने रात्रीच्या स्वस्त तासांतले काही तास दुपारी आणायला २०२५ च्या नोव्हेंबरपासून सुरुवात केली आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी ‘सौर तास’ ही कल्पनाच कायद्यात आणली: दिवसाचे आठ सौर तास नेहमीच्या दराहून किमान वीस टक्के स्वस्त हवेत, मोठ्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसलं की. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना कित्येक वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा ही सवलतीची वेळ होती. आता ती दिवसा आली. रात्रपाळीवर सगळं बसवलेल्या उद्योगांची त्यामुळे पंचाईत झाली, हेही खरं.

या बदलात मला सर्वांत जास्त आनंद एका गोष्टीचा आहे. रात्रीची उरलेली वीज महाराष्ट्रात कुणाच्या वाट्याला आली? शेतकऱ्याच्या. आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा, अशा पाळ्या लावून त्याला वीज मिळत आली. भर थंडीत, हातात बॅटरी घेऊन, मध्यरात्री उसाची दारं धरायला जायचं. पायाखाली साप, जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी त्यातून आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची आहे. सूर्य डोक्यावर असताना पाणी भरायचं आणि रात्री माणसासारखं झोपायचं. सूर्याला जे जमतं ते कोळशाला आपल्याकडे जमलं नाही.

दुपारची जादा वीज रात्रीपर्यंत धरून ठेवायची तर सह्याद्री आपल्या मदतीला आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर एक तळं आणि घाटाखाली दुसरं आहे. स्वस्त वीज असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करायची. २००८ पासून हे चालू आहे. चढवायला लागते त्याहून परत मिळते ती वीज कमीच, पण वेळ बदलून मिळते, आणि इथे किंमत वेळेलाच आहे.

आता आपल्या घराकडे. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट, म्हणजे टीओडी (वापराची वेळ नोंदवणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू केली. दर वरचेवर बदलतात, म्हणून आपल्या बिलावर छापलेलंच खरं मानावं. मुंबईत दुसऱ्या कंपन्यांचे दर वेगळे. तीन घड्याळांची तपासणी मात्र सगळीकडे सारखीच.

मीटरच्या पडद्यावर बटण दाबत गेलं की तारीख आणि वेळ येते. ती मोबाइलशी ताडून पाहावी. दोन-चार मिनिटांचा फरक सोडून द्यावा, तासांचा असेल तर फोटो काढावा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा ते एक मुद्दाम इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन उरकून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲपवर वेळेनुसार वापराचा आलेख उघडावा. उंचवटा बाराला दिसला तर मीटर आणि संगणक एका सुरात आहेत. तो रात्री बाराला दिसला तर कुठेतरी दिवस-रात्र उलटली आहे. शेवटी बिलावर सवलतीची ओळ वेगळी आली आहे का आणि तिच्यातली युनिटं पटण्याजोगी आहेत का, ते पाहावं.

मीटर मुळातच जास्त धावतंय अशी शंका असेल तर त्यावरचा लाल दिवा मोजावा. मीटरवर ‘३२०० इंप/किवॅता’ असं काहीसं लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. घरातलं सगळं बंद करावं, फ्रीजसुद्धा, आणि १००० वॅटची थंड इस्त्री लावून पहिलं एक मिनिट मोजावं. सुमारे ५३ वेळा लुकलुकलं तर मीटर ठीक. ७० च्या वर गेलं आणि इतर काही चालू नसेल, तर मीटर तपासणीचा अर्ज करावा. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर मीटरच्या पुढच्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणाचं तरी कनेक्शन आपल्यावर आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. उत्तर पटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल, मुंबईत किंवा नागपुरात. अर्जासोबत फोटो आणि आकड्यांची तारीखवार वही असेल तर निम्मं काम झालेलं असतं.

नऊ ते पाच घराबाहेर असणाऱ्यांना या सवलतीचा फारसा उपयोग नाही, ही अडचण खरी आहे. पण एक वापर असा आहे जो कुणी घरी नसतानाही दुपारी नेता येतो: सोसायटीचा पाण्याचा पंप. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला पावणेचार युनिटं खातो. दिवसातून दोन तास चालला तर महिन्याला सव्वादोनशे युनिटं, ८० पैशांनी एकशे ऐंशी रुपये. एका सोसायटीला ते किरकोळ आहेत, पण राज्यातल्या सगळ्या सोसायट्यांच्या टाक्या दुपारी भरल्या तर संध्याकाळच्या त्या अवघड तासांतून केवढंतरी ओझं उतरेल. टाकी तर आपल्याकडे आधीपासून गच्चीवर आहेच, छोटंसं घाटघर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी कॉमन मीटर स्मार्ट आहे का आणि बिलावर सवलत येते का ते पाहावं, मग वॉचमनला पंपाची वेळ साडेबाराची द्यावी. पंप टायमरवर असेल तर त्याच्यात बॅटरी आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावं. नसेल तर दर वेळी लाइट गेल्यावर तो मागे पडेल आणि चार महिन्यांत टाकी पुन्हा संध्याकाळी सातला भरू लागेल.